बंगळुरूहून सोलापूर: ट्रेलरवरची सॅन स्टॉर्म

सॅन स्टॉर्म ही गाडी फार लोकांनी पाहिलेली नसते. दोन सीट, डोक्यावर कापडी हूड, फायबरची बॉडी आणि पुढं रेनोचं 1149 सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद 60 हॉर्सपॉवर. आज हा आकडा साध्या हॅचबॅकचा वाटेल. पण 1998 च्या सुमारास आपल्या देशात कुणीतरी उघड्या टपाची दोन माणसांची गाडी बनवून विकायला काढली, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं आणि आजही आहे. बंगळुरूत एका शेडमध्ये अशी एक गाडी बरीच वर्षं उभी असल्याचं कळलं. जाऊन पाहिली आणि तिथंच व्यवहार ठरवला. इंजिन बंद, टायर सुकलेले, पण बॉडीला कुठं तडा नव्हता.

आता ती सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपपर्यंत आणायची. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. दोरी बांधून ओढायचा विचारही करायचा नाही. नियमानं ती सोय बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नाहीतर पंपापर्यंत नेण्यापुरतीच आहे. फ्लॅटबेडवाल्यांकडं, म्हणजे ट्रकच्या सपाट पाट्यावर गाडी चढवून नेणाऱ्यांकडं चौकशी केली, पण त्यांचा पाटा खाली उतरला की जो चढ होतो, त्यावर या गाडीचं नाक चाकांच्या आधी टेकतं. पत्रा चेपला तर ठोकून सरळ करता येतो. फायबर तडकतं, आणि या गाडीचा पुढचा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही.

म्हणून ट्रेलर. पुण्यात रॅलीच्या गाड्या ने-आण करणाऱ्या एकानं भाड्यानं दिला. दोन आखांचा, लांब रॅम्पचा, पुढं हातानं फिरवायची विंच, म्हणजे तारेनं गाडी वर ओढायची चरखी, मागं स्वतःचे दिवे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचे ब्रेक. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर मागून हुकावर रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. रिव्हर्स घेतानाही तसाच रेटा येतो, म्हणून तेव्हा एक खटका लावून ते ब्रेक सोडवावे लागतात. ट्रेलर भाड्यानं घेणाऱ्यानं हा खटका आधी बघून घ्यावा. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन आणि विम्याचे कागदही तिथंच हातात घ्यावेत.

ओढायला मंद्रूपच्या मामांची बोलेरो, आणि सोबत मामाच. माझा जन्म गेला पॉवरलूमच्या सुट्या भागांच्या लेथवर, मामांचा उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात. आपल्या जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून माणसं रात्रंदिवस कारखान्याच्या वाटेवर असतात. मागचं ओझं काय करू शकतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गड्ड्याची यात्रा उरकली आणि आम्ही निघालो.

बंगळुरूत रॅम्पखाली दोन फळ्या सारून चढ आणखी लांबवला आणि विंचनं गाडी इंच-इंच वर घेतली. ट्रेलरवर ती अगदी मधोमध दिसत होती. मी गाडी बांधायचे बेल्ट बाहेर काढायला लागलो, तेवढ्यात मामा एक फेरी मारून आले.

"थांब की रे. हुकावर किती वजन आलंय बघितलंस का? गाडी उलाळ नको. जरा धुरजडच असू दे."

उलाळ म्हणजे मागं जड, धुरजड म्हणजे पुढं जड. साऱ्या प्रवासाचं मर्म या एका गोष्टीत आहे. आखाच्या मागं वजन जास्त झालं की ट्रेलरचं तोंड वर उचलायला बघतं. त्याबरोबर बोलेरोची मागची चाकं हलकी होतात, रस्त्यावरची पकड सुटत जाते आणि ट्रेलर झोकांड्या खायला लागतो. वेग वाढेल तशा झोकांड्या वाढतात. पुढं फार वजन टाकलं तर उलटं होतं: बोलेरोचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग पोकळ लागतं. एकूण ओझ्याच्या दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर असावं, असा एक ठोकताळा आहे.

ठोकताळ्यावर न थांबता आम्ही वजनकाटा गाठला. गाडीसकट ट्रेलर चौदाशे किलोच्या आसपास भरला. मग हुक सोडवून ट्रेलरचं फक्त पुढचं छोटं चाक काट्यावर ठेवलं, बाकी सगळा ट्रेलर काट्याबाहेर. आकडा शंभराच्या खाली आला. गाडी मधोमध दिसत होती खरी, पण दिसण्यावर काही ठरत नाही. या गाडीचं इंजिन पुढं, म्हणजे जड बाजू पुढं, तरीही तिला आणखी एक वीत पुढं सरकवावी लागली, तेव्हा आकडा दीडशेच्या जवळ गेला. मामांनी हुकाजवळ उभं राहून बोलेरोची मागची स्प्रिंग किती दबली ते पाहिलं आणि मान डोलावली. काटेवाल्याला अशी गाडी पहिल्यांदाच दिसली असावी. त्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त हूड उघडून आत बघू द्या म्हणाला.

बांधणीबद्दल माझं मत ठाम आहे. बेल्ट चाकांना बांधायचे, बॉडीला किंवा चॅसीला नाही. चॅसी खाली खेचून बांधली की खड्ड्यागणिक स्प्रिंग दबतात, बेल्ट ढिला पडतो, पुन्हा ताणतो, आणि शेवटी कुठंतरी सुटतो. चाकं ट्रेलरला पक्की केली की वरची गाडी आपल्या सस्पेन्शनवर मोकळी डोलते आणि बेल्टचा ताण बदलत नाही. बेल्ट जिथं कडेला घासणार तिथं सोलापुरी चादरीचे जाड तुकडे घातले. पहिला गिअर टाकला, चारी चाकांना लाकडी ठोकळे लावले. हँडब्रेक मुद्दाम ओढला नाही, कारण बरीच वर्षं उभ्या गाडीचा हँडब्रेक एकदा लागला की सुटेलच याची खात्री नसते. कापडी हूड काढून बोलेरोत ठेवला. वाऱ्यानं तो फाटला असता. ताडपत्रीही घातली नाही, कारण फडफडणारी ताडपत्री दिवसभरात रंगावर पॉलिश पेपरसारखी फिरते.

पहाटे शहर सोडलं. नेलमंगल ओलांडल्यावर थांबून बेल्ट पुन्हा आवळले. पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये बेल्ट बसतात, म्हणून ही थांबणी चुकवायची नाही. त्यानंतर प्रत्येक चहाला ट्रेलरच्या चारी हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावून बघायचा. कोमट असला तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक अडकतोय. वेग साठचाच ठेवला. तुमकूर, चित्रदुर्ग, तिथून उजवीकडं होस्पेटचा रस्ता. रस्ता इतका चांगला की पाय आपोआप दाबला जातो, पण मामा बाजूला बसून काट्याकडं बघत होते.

वाटेत त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो. ट्रेलर झोकांडी खायला लागला तर ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. झोकांडीच्या उलट स्टीअरिंग मारत बसलं की ती वाढतेच. वळणावर ट्रेलर आतून कापतो, म्हणून आपण बाहेरून जायचं. गतिरोधक सरळ घ्यायचा, तिरका नाही, आणि बोलेरोची मागची चाकं उतरली म्हणून वेग धरायचा नाही, ट्रेलरच्या दोन्ही आखांची चाकं अजून यायची असतात. रिव्हर्सला हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, हात त्याच बाजूला न्यायचा. डबल ट्रॉलीला हे कुणालाच जमत नाही, ते लोक रिव्हर्सच टाळतात, असंही म्हणाले.

मुक्काम इरकलला केला. लॉज निवडताना खोली नाही, आवार बघितलं: एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. अंधारात पुढं जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. हंगामात आपल्या भागातल्या रस्त्यावर मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली कधी समोर उगवेल सांगता येत नाही. एवढ्या ओझ्यासह गाडी लवकर थांबत नाही. कारखाने आणि ट्रॅक्टरमालकांनी प्रत्येक ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावलेच पाहिजेत. मामांनी स्वतःच्या ट्रॉल्यांना कायम लावले, म्हणून मी हे हक्कानं म्हणतोय. सकाळी मामींसाठी इरकली साडी घेतली आणि निघालो. इरकलच्या पेठेत मागांचा आवाज ऐकू येत होता. माझा सगळा धंदाच मागांचा, त्यामुळं पाय निघत नव्हता.

निडगुंदीजवळ कृष्णा ओलांडली, विजापूरला जेवलो, झळकी, धूळखेड करत भीमेच्या पुलावर आलो. नांदणीला कागद बघितले. कर्नाटक आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, विक्रीचे 29 आणि 30, ट्रेलरचं रजिस्ट्रेशन, सगळं एका फायलीत क्रमानं लावलेलं होतं. काम पटकन झालं. तेरामैलला पोरं गोळा झाली, ही कुठल्या देशाची गाडी म्हणून विचारायला लागली. आपल्याच देशाची, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

वर्कशॉपमध्ये उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड असतं, कारण गाडी स्वतःच्या वजनानं खाली यायला बघते. विंचची तार सोडत-सोडत आणि ठोकळे मागं सरकवत उतरवली. दुसऱ्या दिवशी ट्रेलर पुण्याला परत केला. रिकामा ट्रेलर ओझ्याच्या ट्रेलरपेक्षा जास्त उडतो, म्हणून टायरची हवा थोडी उतरवून नेला.

आता गाडीची पेट्रोलची टाकी काढून ठेवली आहे. आत गंज नाही. इंजिन हातानं फिरतंय. पुढचं काम इंधन पंपाचं, मग ब्रेकच्या रबरांचं, आणि ते सगळं झालं की नंबर बदलून एमएच 13 करायचा.