गोव्यात गॅस गिझर बसवायचाय? आधी धूर कुठून जाणार ते ठरवा

 न्हाणीतला बंब गेला, पावसाळ्यात सौर हीटरचा भरवसा नाही, म्हणून गॅस गिझर घेणारे वाढलेत. मग पहिला प्रश्न येतो, परवानगी कुणाची घ्यायची? पंचायतीत जावं तर सेक्रेटरी गॅस एजन्सीकडे पाठवतो, एजन्सी म्हणते सोसायटीला विचारा.

घरगुती गिझरचा परवाना देणारी एकच खिडकी नाही. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे 100 किलोपर्यंत एलपीजी, म्हणजे सिलिंडरचा गॅस, साठवायला लायसन्स लागत नाही आणि घरात 14.2 किलोचे दोनच सिलिंडर असतात, त्यामुळे तो विषय तिथेच मिटतो. मात्र हे घरगुती वापरापुरतंच. पर्यटकांना खोल्या देत असाल तर त्या न्हाणीच्या गिझरला घरगुती सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिकच लावायचा. किनारपट्टीवर याकडे सर्रास काणाडोळा होतो, पण नियम नियम आहे.

फ्लॅटमध्ये खरी परवानगी सोसायटीची. 'गिझर बसवण्यास ना-हरकत मिळावी' असा एका ओळीचा अर्ज दिला की कमिटी तो पुढच्या सभेवर ढकलते, आणि त्यात तिचं फारसं चुकतही नाही. अर्जात मॉडेल, मिनिटाला किती लिटर पाणी तापवतो, आयएस 15558 (घरगुती गॅस गिझरचं भारतीय मानक) चा आयएसआय शिक्का, बसवणारा कोण, एवढं लिहा. सोबत भिंतीचं साधं रेखाचित्र जोडा. गिझर कुठे, धुराचं नळकांडं कुठून बाहेर पडतं आणि तिथून शेजाऱ्याची खिडकी किती अंतरावर, हे त्यात दिसलं पाहिजे. कमिटीला नेमकं हेच हवं असतं.

नळकांडं डक्टमध्ये, म्हणजे न्हाण्यांमागच्या उभ्या पोकळीत, सोडायचं नाही, हे तर अर्जातच लिहून टाका. बहुतेक इमारतींत चारही मजल्यांच्या न्हाणीचे व्हेंटिलेटर त्याच डक्टमध्ये उघडतात. खालच्याने गिझर पेटवला की वरच्याच्या न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते, माणूस खाली बसतो आणि दाराला आतून कडी असते.

हिशेब करून बघा. मिनिटाला सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो आणि त्याला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंच न्हाणी म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर अर्धा तास व्हायच्या आत सगळी हवा संपेल, आणि ज्योत बिघडून विष तयार व्हायला तर त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. म्हणून गिझर न्हाणीत नकोच. बाल्कनीत किंवा मागच्या पडवीत, पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी लावा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप न्या. असं केलंत तर सोसायटीचा निम्मा विरोध आपोआप मावळतो.

स्वतःचं घर असेल तर भिंतीला भोक पाडण्यापुरतं पंचायतीचं सहसा काही म्हणणं नसतं. गिझरसाठी नवी शेड किंवा पक्का आडोसा बांधणार असाल तर मात्र आधी लेखी विचारा. पणजीत फोन्तेन्हाससारख्या जतन क्षेत्रात दर्शनी भिंतीला हात लावण्याआधी पालिकेकडे चौकशी करा. जुन्या गोव्यात केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत दुरुस्तीलाही परवानगी लागते आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, तिथेही बांधकामाला परवानगी लागते. अशा घरांत नळकांडं मागच्या बाजूने काढणं सगळ्यात सोपं.

चिऱ्याच्या भिंतीला छिन्नी-हातोडा लावू नका, चिरा कोपऱ्यातून ढासळतो आणि चार इंचांचं भोक सहाचं होतं. गोल भोक कापणारा कोअर कटरच आणवा. नळकांडं बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आणि आत साचलेला दमट थेंब दोन्ही बाहेर जातील. तोंड पश्चिमेला किंवा नैऋत्येला नको. जूनमधला वारा धूर सरळ उलटा आत ढकलतो. समुद्राजवळ साधा पत्रा गंजून जातो, तिथे स्टेनलेस स्टीलच घ्या.

गॅसच्या बाजूला सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे शेगडीच्या रबरी नळीत टी आकाराचा जोड घालून गिझर जोडणं. एजन्सीचा मेकॅनिक ते पाहून तक्रार करतो ते बरोबरच आहे. पक्की तांब्याची लाइन काढून दोन्ही उपकरणांना स्वतंत्र कॉक द्या, आणि ते काम एजन्सीला कळवूनच करा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, भिंतीआड लपवायची नाही.

पाइपचा गॅस (पीएनजी) असेल तर काम कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं. उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस, दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानी. जादा पॉइंटसाठी अर्ज करा आणि गिझर पीएनजीचाच घ्या. एलपीजीचा दाब 30 मिलिबार, पीएनजीचा 21, आणि जेटही, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रंही, वेगळी. एलपीजीचा गिझर पीएनजीवर लावला तर ज्योत मरतुकडी निघते. उलट केलं तर ती पिवळी होऊन काजळी धरते, आणि ते धोक्याचं.

पाण्याचंही बघा. कौलारू घरात टाकी फार उंच नसते, आणि नळाला अडीच मीटरच्या आसपास उंचीचा दाब मिळाला नाही तर गिझरचा वॉल्व्ह उघडतच नाही. गिझर पेटत नाही म्हणून लोक ठिणगीच्या बॅटऱ्या बदलत बसतात.

उन्हाळाभर बंद राहिलेला गिझर पुन्हा लावताना बर्नरच्या नळ्या टॉर्चने तपासा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, हवा अडते आणि निळी ज्योत पिवळी पडते. तशीच पेटवू नका, मेकॅनिकला बोलवा. गॅसचा वास आला तर कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन एलपीजीचा आपत्कालीन क्रमांक 1906 फिरवा.