जुन्या एस्कॉर्टवर आर-वनचे कार्ब्युरेटर : पेट्रोलगळतीचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये जुन्या फोर्ड गाड्यांची हौस असणाऱ्यांमध्ये मोटरसायकलचे कार्ब्युरेटर बसवण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे, आणि त्यामागचे कारण मुख्यतः पैशांचे आहे. गाड्यांसाठीच्या वेबर कंपनीच्या कार्ब्युरेटरांची जोडी खिशाला चाट लावते. त्या मानाने १९९८ ते २००१ या काळातील यामाहा आर-वनवर येणारे ४० मिलिमीटरचे चार मिकुनी कार्ब्युरेटर मोडीत निघालेल्या मोटरसायकलींतून बऱ्याच कमी किमतीत मिळतात. बर्मिंगहॅमजवळ राहत असताना मी माझ्या १९७८ च्या एस्कॉर्टच्या १६०० सीसी क्रॉसफ्लो इंजिनावर असेच चार कार्ब्युरेटर तयार मॅनिफोल्डवर (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळ्यांच्या भागावर) बसवले. बसवण्याचे काम फारसे अवघड गेले नाही. मात्र पंप सुरू करताच खाली पेट्रोल ठिबकू लागले, आणि ते बंद करण्यात बसवण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ गेला.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग, बरोबर कार्ब्युरेटरांच्या खाली येतो, म्हणजे गळणारा थेंब थेट ठिणगीच्या घरावर पडतो. शिवाय इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीत मोठे फेरफार झालेले नसतील, तर तिला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. त्यामुळे गळती पकडणारे दुसरे कोणी नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. शोधकाम करताना मी गाडी उघड्यावर ठेवली, इग्निशन पूर्ण बंद ठेवले, पंपाला लांब वायरीवर वेगळे बटण दिले आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवले.

गळती म्हटली की हात आपोआप फ्लोट आणि निडलकडे जातो: कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत पेट्रोल भरले की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि निडल नावाची सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. आपल्याकडे तर स्कूटर ओव्हरफ्लो होऊ लागली की पान्याच्या मुठीने कार्ब्युरेटरवर दोन टोले मारण्याची रीतच आहे, आणि अडकलेली निडल त्याने कधीकधी सुटतेही. परंतु चार कार्ब्युरेटर एकाच इंधनवाहिनीवर असताना कोणता गळतो हे डोळ्यांना कळत नाही, कारण पेट्रोल सांध्यांवरून ओघळत भलत्याच वाटीच्या टोकाशी येऊन थेंब धरते. म्हणून मी सगळे भाग पुसून कोरडे केले, प्रत्येक वाटीखाली आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरच्या क्रमांक घातलेल्या पट्ट्या लावल्या आणि इंजिन सुरू न करता फक्त पंप चालवला. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्ब्युरेटरमधल्या सांध्याखालची पट्टी लगेच भिजली. चौथ्याच्या व्हेंटच्या, म्हणजे वाटीला हवा देणाऱ्या, नळीतून मात्र थोड्या वेळाने पेट्रोल येऊ लागले. म्हणजे दुखणी दोन होती.

पहिले दुखणे मोटरसायकलचा भाग गाडीवर आणल्यामुळेच उद्भवते. आर-वनवर चारही कार्ब्युरेटर जवळजवळ असतात. फोर्डच्या हेडमधील छिद्रांशी जुळवण्यासाठी त्यांच्यातील अंतर बदलावे लागते, आणि अंतर वाढले की त्यांना जोडणारे इंधनाचे छोटे टी-जोड आपल्या खोबणीतून बाहेर सरकतात. जोड दिसायला जागेवर असतो, पण त्याची ओ-रिंग खोबणीच्या कडेवर टेकलेली असते. त्यातच कार्ब्युरेटर कित्येक वर्षे कोरडे पडून राहिलेले असल्यास रबर आकसून कडक होते. अशी रिंग पेट्रोलमध्ये भिजून फुगते आणि एखाद्या दिवसाने गळती आपोआप थांबते, यावर मात्र मुळीच विश्वास ठेवू नये. गाडी काही आठवडे उभी राहिली की गळती पुन्हा सुरू होते. मी मूळ जोड काढून त्याजागी लांबीला योग्य असे ॲल्युमिनियमचे जोड आणि व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या रिंगा घातल्या. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. त्याच कारणाने नळ्याही एसएई जे-३० आर-९ या इंधननळ्यांच्या मानकाच्या घेतल्या. महाराष्ट्रात आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांना तिथे ही काळजी अधिकच घ्यावी लागेल.

चौथा कार्ब्युरेटर जास्त चिवट निघाला. वाटी उघडून निडलचे टोक भिंगाखाली पाहिले, तर त्यावर झिजेची कडी नव्हती आणि टोकातील बारीक स्प्रिंगची पिनही मोकळी हलत होती. निडल ज्यावर बसते ती पितळी बैठक मात्र हाताने किंचित डुलत होती. ती ओढून काढल्यावर तिच्याभोवतीची ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली आणि नखाने दाबताच तडकणारी निघाली. निडल कितीही घट्ट बसली तरी पेट्रोल बैठकीच्या बाहेरून वाटीत शिरत होते. ही रिंग पटकन लक्षात येत नाही, आणि लोक निडलचे महागडे संच बदलत बसतात. मी चारही बैठकींच्या रिंगा बदलल्या, बैठकीचा आतला भाग कापसाच्या काडीवर धातूचे पॉलिश लावून घासला, कार्ब्युरेटर उलटे धरून हातपंपाने हलका दाब दिला आणि तो टिकतो याची खात्री करून मगच वाट्या बंद केल्या.

यानंतर प्रश्न दाबाचा होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तोच मुख्य आहे. टाकीतून केवळ उंचीने उतरणाऱ्या पेट्रोलचा दाब किती क्षुल्लक असतो ते पाहा: तीस सेंटीमीटर उंचीच्या पेट्रोलस्तंभाचा दाब जेमतेम पाव ते तृतीयांश पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) भरतो. आर-वनवर पंप असला तरी तोही कमी दाबाचाच. फ्लोटच्या तरंगण्याच्या बळावर निडल याच श्रेणीतला दाब अडवू शकते. मी गाडीसाठी घेतलेला इलेक्ट्रिक पंप पाच पीएसआयच्या वर देत होता, तेव्हा नवी रिंग असो की जुनी, पेट्रोल निडलला ढकलून आत जाणारच. म्हणून दाब कमी करणारा रेग्युलेटर आवश्यक. पण त्याच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबून चालत नाही, विशेषतः खालच्या टोकाला. शून्य ते पंधरा पीएसआयचा मापक रेग्युलेटर आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्ये बसवून मी दाब दोनवर आणला. पट्ट्या कोरड्या राहिल्या.

तरीही लांबच्या फेरीनंतर गाडी बंद केली की दहापंधरा मिनिटांनी पेट्रोलचा वास येई. पंप बंद, इंजिन बंद, मग दाब कोठून? रेग्युलेटर बंद झाल्यावर त्याच्या आणि निडलच्या मध्ये पेट्रोल कोंडले जाते, बॉनेटखालची उष्णता त्याला प्रसरण पावायला लावते आणि जागा नसल्याने ते निडलला रेटते. इंधनवाहिनीच्या दुसऱ्या टोकापासून बारीक छिद्राच्या अडथळ्यातून टाकीकडे परतीची नळी नेली, तेव्हा हा वास बंद झाला. पेट्रोल सतत फिरत राहिल्याने गरम हवेतली अडखळही कमी झाली, हा वरचा लाभ.

फ्लोटची उंची पुस्तकातल्या आकड्यावर लावून भागत नाही, कारण मोटरसायकलवर हे कार्ब्युरेटर बरेच तिरके बसतात आणि गाडीच्या मॅनिफोल्डवर त्यांचा कल वेगळा असतो. वाटीच्या निचऱ्याच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती बाजूला उभी धरायची, निचऱ्याचा स्क्रू सैल करायचा आणि नळीत पेट्रोल वाटीच्या जोडरेषेच्या किती खाली थांबते ते कार्ब्युरेटर जागेवर असतानाच पाहायचे. चारही एकसारखे आले पाहिजेत. माझा तिसरा जास्त भरत होता, तो फ्लोटची जीभ किंचित वाकवून जुळवला. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या रबरी बैठकाही काढू नयेत. कार्ब्युरेटर कडक धातूवर आवळले की इंजिनाच्या कंपनाने फ्लोट नाचतात, निडल उघडझाप करते आणि ठरावीक आरपीएमलाच गळती होते, जी उभ्या गाडीत कधीच सापडत नाही.

शेवटी ऑइलची कांडी काढून वास घेतला. व्हेंटमधून बाहेर आले त्याखेरीज काही पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशातून सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली उतरले होते, कारण ऑइल पातळ झाले होते आणि पातळी वर चढली होती. अशा ऑइलवर इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंगांची वाट लावणे, म्हणून फिल्टरसह ते बदलले. व्हेंटच्या नळ्या एक्झॉस्टपासून आणि डिस्ट्रिब्युटरपासून दूर, खाली उतरवल्या. जेटिंगचे, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक छिद्रांची तोंडे (जेट) निवडण्याचे, काम मी त्यानंतर हाती घेतले. दाब आणि पातळी ठरल्याशिवाय जेट बदलण्यात अर्थ नव्हता.