चिनी तलवारीचं पोलाद

चीनच्या हान राजवटीच्या काळातली एक लांब तलवार 1974 साली शानडोंग प्रांतात सापडली. इ.स. 112 मधली. तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत कोरलंय : 'तीस वेळा शुद्ध केलेली'. पोलाद तापवायचं, ठोकायचं, घडी घालायची, पुन्हा तापवायचं. दर वेळी लोखंडातली मळी बाहेर पडते आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो. 11व्या शतकात शेन क्वो या चिनी विद्वानाने त्सिझोऊ गावच्या भट्टीवर पाहिलं की लोहार दर ठोकणीनंतर वजन करत. वजन घटायचं थांबलं की पोलाद तयार. कणीक धुवून शेवटी चिकट गोळा उरतो, तसं, असं तो म्हणतो.

दुसरी वाट स्वस्त होती. मऊ लोखंडाच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांमध्ये बीड (भरपूर कार्बन असलेलं ओतीव लोखंड) ठेवून वरून मातीने लिंपायचं आणि तापवायचं. बीड साधारण 1150 अंशांना वितळतं, मऊ लोखंड तेवढ्यात वितळत नाही, ते कार्बन ओढून घेतं. शेन क्वोने याला खोटं पोलाद म्हटलंय. हा मात्र जरा अन्यायच.

आजचं पोलाद मुळातच स्वच्छ असतं, त्यामुळे घड्या घालायच्या त्या निव्वळ नक्षीसाठी. थर जोडताना टाकलेला टाकणखार कमी पडला किंवा तापलेल्या लोखंडावरची गंजाची खपली आत अडकली की थरांचा सांधा धरत नाही. घासताना धारेजवळ बारीक काळी रेघ दिसली, तर ते पातं गेलंच.

जिआन या सरळ चिनी तलवारीला दोन्हीकडे धार असते. म्हणून टणक पोलादाचा थर मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना मऊ थर लावतात, म्हणजे दोन्ही कडांना टणक थरच बाहेर येतो. दाओ या एकधारी तलवारीमध्ये कणा मऊ ठेवून धारेच्या फटीत टणक पट्टी बसवली तरी भागतं.

सध्या दोन पोलादं जास्त चालतात. टी10 मध्ये सुमारे 1 टक्का कार्बन असतो. धार उत्तम लागते, पण टणक करायला तापलेलं पातं पाण्यात बुडवताना तडा जायची भीती. 65एमएन मध्ये कार्बन 0.62 ते 0.70 टक्के, शिवाय मँगनीज. सुमारे 820 अंशांवरून तेलातच बुडवायचं, पाण्यात नाही. मग 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. हे टाळलं तर पातं आपटताच काचेसारखं तुटतं. लवचीकपणा हवा असेल तर तापमान आणखी वाढवा, थोडी धार गमवावी लागेल. पहिल्यांदाच पातं घडवणाऱ्याने 65एमएनच घ्यावं.