कंपनी एका दिवसात, बँक अकाउंट सव्वीस दिवसांत

मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला राहते, घरून फराळ करून विकते. चकली, करंज्या, ऑर्डर असेल तर पुरणपोळ्या. गेल्या सप्टेंबरमध्ये एका ऑफिसची दिवाळीची साठ बॉक्सची ऑर्डर आली आणि त्यांना कंपनीच्या नावाने इनव्हॉइस हवं होतं, म्हणून लिमिटेड कंपनी काढली. कंपनीज हाउसच्या (इथलं कंपन्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) साइटवर ५० पौंड भरले (तेव्हा तेवढेच होते), दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट ईमेलमध्ये हजर. मला वाटलं झालं काम, आता काय, अकाउंट तर उघडायचंय!

नवरा म्हणत होता की अ‍ॅपवाली बँक घे, घरबसल्या होतं. पण माझ्या स्टॉलवर निम्मे लोक अजून रोख देतात आणि नोटा, नाणी काउंटरवर भरता यावीत म्हणून मी हट्टाने हाय स्ट्रीटवरची मोठी बँक निवडली, वर नवीन धंद्याला पहिले १२ महिने महिन्याची फी नाही हे आमिष होतंच. ब्रँचमध्ये गेले तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, बिझनेस अकाउंट आम्ही इथे उघडत नाही, ऑनलाइनच अप्लाय करा. म्हणजे ज्या ब्रँचसाठी ही बँक निवडली तिचा उपयोग फक्त हसण्यापुरता.

फॉर्म भरला, पासपोर्टचा फोटो, सेल्फी, सगळं दिलं. चौथ्या दिवशी ईमेल: तुमची माहिती पडताळता आली नाही, पुन्हा अपलोड करा. कुठली माहिती ते नाही! पुन्हा अपलोड केलं, पुन्हा तोच ईमेल, अगदी शब्दनशब्द. वाटलं फोटोवर चमक येतेय, म्हणून खिडकीपाशी पांढऱ्या टॉवेलवर पासपोर्ट ठेवून काढला. मग वाटलं पत्त्याचा घोळ असेल, कारण काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल एकट्या नवऱ्याच्या नावावर (तुमचंही असेल तर आधी त्यावर आपलं नाव घालून घ्या, काउन्सिलला कळवलं की होतं). चॅटवाला बॉट तर मला पर्सनल लोनच विकायला बघत होता.

फोनवर चाळीस मिनिटं होल्ड, फोन स्पीकरवर आणि मी भाजणीच्या चकल्या तळतेय, नेमका माणूस लाइनवर आला तेव्हा घाणा कढईत, तो घाणा करपलाच. तो म्हणाला केस दुसऱ्या टीमकडे आहे, त्यांना थेट फोन लावता येत नाही. दुसऱ्या वेळी वेगळी बाई, पुन्हा जन्मतारखेपासून सगळं सांगा. तिसऱ्या वेळी एका शहाण्या माणसाने अखेर स्क्रीन वाचून दाखवली आणि विचारलं, मॅडम, तुमच्या कंपनीत अजून एक डायरेक्टर आहेत का, पुरुष?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या पासपोर्टवर आपल्या पद्धतीने माझं नाव, त्याच रकान्यात नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव. कंपनीज हाउसला मी नुसतं नाव-आडनाव टाकलेलं, कारण इथे रोज तेच लिहिते. बँकेच्या लेखी आम्ही दोन वेगळ्या बायका, किंवा एक बाई आणि एक बुवा. वीस दिवस हे एवढं एक वाक्य कुणाला ईमेलमध्ये लिहिता आलं नाही! शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, यातून आपण तिकडे कसेबसे निभावतो, इथे कुणाला त्याची कल्पनाच नाही.

दुरुस्ती मात्र फुकट आणि सोपी. डायरेक्टरचं नाव बदलायला कंपनीज हाउसचा सीएच०१ फॉर्म आणि मालकीच्या नोंदीसाठी पीएससी०४, दोन्ही ऑनलाइन. दोन्ही भरा, मी आधी एकच भरला होता आणि अजून दोन दिवस गेले. नंतर तीन दिवसांत अकाउंट चालू. त्यामुळे कंपनी काढतानाच पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं नाव टाका, कितीही लांबलचक वाटलं तरी. १८ नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरला कंपनीज हाउसकडेही ओळख पडताळून घ्यावी लागते, तिथेही हेच नाव लागणार.

आणि लिमिटेड कंपनीची गरजच नसेल, सोल ट्रेडर (कंपनी न काढता एकट्याने धंदा करणारा) म्हणून भागत असेल, तर कायद्याने बिझनेस अकाउंटची सक्ती नाही, पण बऱ्याच बँका पर्सनल खात्यात धंद्याचे पैसे चालवून घेत नाहीत, नियम वाचा. रोख भरायला शंभर पौंडांमागे किती कापतात तेही आधीच बघा, मी १२ महिने फुकट एवढंच वाचलं होतं.

आठवड्याने डेबिट कार्ड आलं. त्यावर माझं नाव आणि आडनाव. नवऱ्याचं नाव जागेअभावी गाळलेलं.

हो, इनव्हॉइसवर कंपनीचं पूर्ण नाव लिमिटेडसकट लिहा, नाहीतर पैसे पाठवणाऱ्याला नाव जुळत नाही असा मेसेज येतो आणि तो घाबरून तुम्हाला फोन करतो. मला दोघांचे आले.