पत्र्याचा डबा

काल दुपारी ओट्यावरून पोह्यांचा डबा पडला. रिकामाच होता, झाकण एकीकडे गेलं आणि डबा टँग, टँग, टँग करत थेट फ्रिजखाली. बायको आतून "काय पाडलंस?" म्हणेपर्यंत मी तिथेच उभा, कारण हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा अल्बम, सेंट अँगर, २००३.

ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. ड्रमर लार्स उल्रिकने स्नेअर ड्रमखालच्या तारा सैल सोडल्या आणि ७५ मिनिटं नुसता पत्रा बडवला. त्यात गिटारवाल्या कर्क हॅमेटला एक सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा, नाही, म्हणजे पंगत बसवायची आणि जिलबी वाढायचीच नाही! आम्ही हॉस्टेलला ती सीडी लावली तेव्हा पहिल्यांदा वाटलं पायरेटेड कॉपी गंडलीये. बदलून आणली. परत टँग. मग मित्राचे स्पीकर बदलून बघितले. दोन दिवसांनी कळलं की हे मुद्दाम केलंय.

खरंतर पत्रा बडवायला माझा विरोध असायचं कारण नाही. आजोळी होळीला डालडाचा पिवळा डबा गळ्यात अडकवून अख्खी आळी मी उठवलीये. आजोबा ओसरीवर बसलेले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बडव रे बाबा, पण तालात तरी बडव." तेवढ्यावरून मी रुसलो आणि पुरणपोळी खाल्ली नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत नाही.

तर त्या काळात बँड फुटायच्याच बेतात होता, गायक हेटफिल्ड दारू सोडवायला गेलेला, बासिस्ट सोडून गेलेला, भांडणं मिटवायला महिना ४० हजार डॉलर घेणारा माणूस ठेवलेला. आमच्याकडे एवढ्यात दोन सोसायट्यांची भांडणं मिटली असती.

मग सप्टेंबर २००८ला त्यांचा पुढचा अल्बम, डेथ मॅग्नेटिक, आला. मित्राचा ऑफिसात फोन, हॅलो नाही काही नाही, "सोलो आलेत!" घरातून पळून गेलेला पोरगा परत आल्यासारखा आवाज. रिक रुबिन नावाच्या दाढीवाल्या निर्मात्याने म्हणे त्यांना सांगितलं, १९८६ साली जसे होतात तसा विचार करा. सगळीकडे एकच, बँड फॉर्मात परतला. फॉर्म हा शब्द आपल्याकडे क्रिकेटचा. वानखेडेवर ज्या सचिनला २००६ला आपल्याच लोकांनी हुर्यो केला त्याने अल्बमनंतर पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २००८ला, मोहालीला लाराचा कसोटी धावांचा रेकॉर्ड मोडला, त्यामुळे तेव्हा माझ्या डोक्यात हे दोन्ही आनंद एकात एक मिसळले होते, अजूनही वेगळे करता येत नाहीत.

पण मेख होतीच. अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची जुळणी, इतकं कर्कश की दिवाळीच्या रात्री गल्लीत सगळ्यांनी एकदम लडी लावाव्यात तसं, काही ठिकाणी आवाज चक्क फाटतो. गंमत म्हणजे गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली गाणी जास्त स्वच्छ होती, आणि हजारो चाहत्यांनी सह्या करून मागणी केली की अल्बम परत मिक्स करा. एवढ्या वर्षांनी जिलबी वाढली आणि लोक म्हणतायत पाक जास्त झालाय. मीही त्यातलाच. सही मात्र केली नाही, आळस.

२०११ला ते बेंगळुरूला आले तेव्हा आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. मी गेलो नाही. मित्र रात्रीच्या बसने गेला, आणि अजून दर भेटीत सांगतो.

खरं सांगू का, डेथ मॅग्नेटिक चांगलाच आहे, ऑल नाइटमेअर लाँग लागलं की अजूनही मान हलते. पण घरात काही पडलं की त्यातलं काहीच आठवत नाही, आठवतो तो दळभद्री पत्राच.

डबा झाडूने फ्रिजखालून काढला. पोचा आलाय. बोटाने वाजवून बघितला, थोडा वेळ. झाकण काही नीट बसेना, म्हणून आता त्यात बटाटे ठेवलेत.