तुम्ही विचारलंत म्हणून : सिनेमा मूळ कॉमिकला धरून आहे का?

कॉमिकवर आधारलेला नवा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यातच मला हा प्रश्न विचारला जातो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींनी कॉमिक कधी हातात धरलेले नसते आणि सिनेमा पाहण्याआधी गृहपाठ करावा लागेल की काय, अशी त्यांना धास्ती असते. उरलेल्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. त्यांना माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो, आणि तो मिळाला नाही की ते थोडे खट्टू होतात. तिकिटाच्या रांगेत किंवा जिन्यावरून उतरताना दोन वाक्यांत देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून ते इथे जरा सविस्तर लिहितो.

कथानक, पोशाख, संवाद आणि पात्रांची नावे जशीच्या तशी ठेवूनही एखादा सिनेमा मूळ कॉमिकपासून फार लांब जाऊ शकतो, आणि यांतले जवळजवळ काहीच जुळत नसताना दुसरा एखादा सिनेमा त्याच्या अगदी निकट पोहोचू शकतो, असे माझे मत आहे. कॉमिक जितके गोष्टीतून बोलते तितकेच पानाच्या मांडणीतून बोलते. दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते, तिथे काय घडले असेल हे वाचक स्वतः मनाशी ठरवतो. एका चित्रावर किती वेळ रेंगाळायचे, कोणते चित्र नुसते नजरेखालून घालायचे, मागचे पान पुन्हा कधी उलटायचे, हेही सगळे त्याच्याच मर्जीवर असते. चित्रपटगृहात यांपैकी काहीही आपल्या हाती उरत नाही. दिग्दर्शक आणि संकलक यांनी ठरवलेल्या गतीने सगळ्यांना एकत्र पुढे सरकावे लागते. म्हणून रूपांतर पाहताना मी एकच गोष्ट शोधत असतो: वाचकाच्या हातातला वेळ काढून घेतल्यावर या मंडळींनी प्रेक्षकाला त्याच्या बदल्यात काय दिले?

अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेले आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेले 'वॉचमेन' हे बारा अंकांचे कॉमिक १९८६ आणि १९८७ या वर्षांत प्रसिद्ध झाले. त्याची बहुतेक पाने नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला डॉ. मॅनहॅटन हा अतिमानवी शक्ती असलेला नायक मंगळावर एकटा आहे आणि त्याच्या हातात एक जुने छायाचित्र आहे. १९५९ साली एका करमणूक उद्यानात काढलेल्या त्या छायाचित्रात एक पुरुष आणि एक स्त्री दिसते. आणखी बारा सेकंदांनी आपण ते वाळूत टाकणार आहोत, हे त्याला माहीत आहे. इतकेच नव्हे, तर त्याच्या लेखी ते आताच वाळूत पडलेले आहे. पुढच्या चौकटींमध्ये छायाचित्र कधी हातात, कधी वाळूत, कधी अनेक वर्षे मागे, असे काळाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. या माणसाला सगळा काळ एकाच वेळी दिसतो, हे सांगण्यासाठी कॉमिकला वेगळी युक्ती करावी लागत नाही, कारण कॉमिकच्या पानावर भूत, वर्तमान आणि भविष्य नेहमीच एकत्र मांडलेले असतात आणि पान उघडताच वाचकाला ते सगळे एकदम दिसते. म्हणजे ते पान वाचत असताना आपणही काही क्षण डॉ. मॅनहॅटनच्याच नजरेने पाहत असतो.

झॅक स्नायडर यांच्या २००९ सालच्या सिनेमात हाच भाग निवेदन आणि फिलिप ग्लास यांचे संगीत यांच्या आधाराने येतो. तो सुंदर आहे, आणि सबंध सिनेमातला मला सर्वांत आवडणारा भागही तोच आहे. पण त्यात काळाचे तुकडे एकामागून एक येतात आणि निघून जातात. छायाचित्र वाळूत पडलेले दिसते तेव्हा ते हातात धरलेले चित्र पडद्यावरून गेलेले असते. दिग्दर्शकाची मूळ कृतीवर अपार निष्ठा होती, यात वाद नाही. कित्येक दृश्ये चौकटीबरहुकूम उभी केलेली आहेत. तरीही मारामाऱ्यांच्या प्रसंगी हा सिनेमा नेमका उलट्या दिशेला जातो. कॉमिकमध्ये गल्लीतली झटापट उरकते तेव्हा दोघे निवृत्त वीर धापा टाकत उभे राहतात. आपल्यासमोर वय झालेली आणि थोडी केविलवाणी माणसे आहेत, हे आपल्याला कळते. सिनेमात हाडे मोडण्याचा आवाज आणि स्लो मोशन यांनी त्याच प्रसंगाला दिमाख येतो. ज्या दिमाखाची मूर आणि गिबन्स यांनी पानोपानी खिल्ली उडवली, तोच इथे टाळ्या घेतो.

गंमत अशी की चाहत्यांचा वाद याविषयी फारसा होत नाही; तो शेवटावरून होतो. कॉमिकच्या अखेरीस न्यूयॉर्कवर एक अवाढव्य, अनेक पायांचा कृत्रिम प्राणी येऊन आदळतो. सिनेमात तो नाही. त्याऐवजी जगातल्या अनेक शहरांत स्फोट होतात आणि त्यांचा ठपका डॉ. मॅनहॅटनवर येतो. या बदलावर वर्षानुवर्षे तावातावाने चर्चा चालली आहे. मला तो बदल समजण्याजोगा वाटतो. त्या प्राण्याची पूर्वतयारी कॉमिकमध्ये अनेक अंकांतून सावकाश होते, तेवढी जागा सिनेमाकडे नव्हती. (मूर यांनी स्वतः या सिनेमाच्या श्रेयनामावलीत आपले नावच येऊ दिले नाही. 'वॉचमेन'चा सहनिर्माता म्हणून तिथे एकट्या गिबन्स यांचे नाव दिसते.)

चाहत्यांना आणखी एक खेळ फार आवडतो. कॉमिकमधली चौकट आणि सिनेमातले दृश्य शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्ही किती हुबेहूब आहेत ते दाखवायचे. मीही ही चित्रे कौतुकाने पाहतो. पण त्यातून काही सिद्ध होते असे मला वाटत नाही. अशी तुलना करण्यासाठी सिनेमा थांबवावा लागतो, आणि थांबवलेला सिनेमा कॉमिकसारखा दिसावा यात नवल ते काय? आंग ली यांनी २००३ सालच्या 'हल्क'मध्ये याच्याही पुढे जाऊन पडद्याचेच चौकटींत तुकडे केले होते. कल्पना धाडसी होती. मात्र पानावरच्या चौकटी आपली वाट पाहतात आणि पडद्यावरच्या पाहत नाहीत, त्यामुळे नेमके कुठे बघावे या धांदलीत प्रेक्षक प्रसंगाला मुकतो.

याउलट 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' हा २०१८ सालचा अ‍ॅनिमेशनपट घ्या. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. त्याचा नायक माइल्स मोरालेस हे पात्र २०११ साली ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी कॉमिकमध्ये आणले. पण सिनेमाची गोष्ट कुठल्याही एका कॉमिकमधून उचललेली नाही. सिनेमा करणाऱ्यांनी उचलली ती छपाई. जुन्या रंगीत कॉमिकचे स्वस्त कागदावर छापलेले ठिपके इथे चेहऱ्यांवर आणि आकाशात दिसतात. लांबची वस्तू अंधूक करायची असेल तर तिचे रंग थोडे सरकवलेले असतात, जशी छपाईत जुळणी चुकावी तसे. याहून मोलाची गोष्ट पटकन लक्षातही येत नाही. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रे असतात; पण सुरुवातीच्या बऱ्याच भागात माइल्सचे प्रत्येक चित्र दोन घरे टिकते, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रे. जंगलातल्या प्रसंगात अनुभवी स्पायडर-मॅन पीटर पार्कर चोवीसच्या हिशेबाने सफाईने झोके घेतो आणि त्याच्याच शेजारी माइल्स धडपडत, किंचित अडखळत जातो. पुढे जसजसा त्याला आत्मविश्वास येतो, तसतशी त्याची हालचाल भरत जाते. वाचकाच्या हातातला वेळ इथे प्रेक्षकाला परत मिळत नाही, हे खरे. पण वेळेचीच घडण बदलून पात्राची स्थिती सांगण्याचे जे काम कॉमिकची चौकट करते, ते काम सिनेमाने स्वतःच्या साधनांनी केले. कुणी मला विचारले की कॉमिकला सर्वांत धरून असलेला सिनेमा कोणता, तर मी याचेच नाव घेतो.

२०२३ साली आलेल्या त्याच्या पुढच्या भागात आपल्याकडचा स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकरही आहे. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवून केलेल्या मुंबॅटन या शहरात तो राहतो. हे पात्र २००४ सालच्या 'स्पायडर-मॅन : इंडिया' या कॉमिकमधले आहे. तिथे त्याला कोळी चावत नाही, तर एका योग्याकडून शक्ती मिळते, आणि तो धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारतो. सिनेमाने त्याचा नूर बराच बदलला, आणि मला वाटते बरेच केले. हा सिनेमा भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत डब करून दाखवला गेला. कॉमिकच्या चाहत्यांशी मराठीतून भांडण्याची सोय त्यामुळे अधिक प्रशस्त झाली, हा त्याचा माझ्या दृष्टीने वेगळाच फायदा.

"आम्हाला कॉमिकचे सिनेमे आवडत नाहीत," असे सांगणाऱ्यांना मी 'अमेरिकन स्प्लेंडर' पाहायला सुचवतो. क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात फायलींचा कारकून असलेले हार्वी पीकर स्वतःच्या रोजच्या, कंटाळवाण्या आयुष्यावर कॉमिक लिहीत. त्यांना चित्र काढता येत नसे, म्हणून रॉबर्ट क्रम्ब यांच्यासह वेगवेगळे चित्रकार त्या गोष्टी काढत, आणि साहजिकच प्रत्येकाचा हार्वी वेगळा दिसे. २००३ सालच्या सिनेमात पॉल जियामॅटी हार्वीचे काम करतात, अधूनमधून खरे पीकर स्वतः येऊन बोलतात, आणि मध्येच रेखाटलेला हार्वीही अवतरतो. एका माणसाची अनेक रूपे हा कॉमिकचा स्वभावच होता. सिनेमाने तो ओळखला आणि तीन माणसांकडे सोपवला. यात कुणी उडत नाही, कुणी इमारती पाडत नाही.

मराठीत असे प्रयोग फार थोडे झाले आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला आणि सकाळच्या चहाबरोबर तीन-चार चौकटी वाचण्याची सवय कित्येक घरांना लागली. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ साली त्यावर सिनेमा केला. तो मुलांना आवडला, आणि आवडावा असाच होता. पण चिंटू मोठा होत नाही, कालची गोष्ट त्याला आज आठवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, यातच त्या चित्रमालिकेची सारी खुमारी आहे. सिनेमाला मात्र सुरुवात, अडचण आणि शेवट लागतो. सिनेमातला चिंटू गोड होता. तरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चिंटूला अशा लांबलचक संकटात पाहताना मला सतत थोडे अवघडल्यासारखे होत होते.

आता जेम्स गन यांच्या २०२५ सालच्या 'सुपरमॅन'विषयी, कारण अलीकडे हा प्रश्न बहुधा त्याच सिनेमाच्या निमित्ताने येतो. सुपरमॅनच्या क्रिप्टन या जन्मग्रहावरच्या आईवडिलांचा संदेश या सिनेमात अर्धाच ऐकलेला असतो, आणि उरलेला अर्धा उघड होतो तेव्हा पृथ्वीवर राज्य कर, असे सांगणारा निघतो. यावर जुने चाहते नाराज झाले, आणि परंपरेच्या दृष्टीने त्यांची तक्रार बरोबर आहे. एरवीच्या बहुतेक कथांमध्ये ते आईवडील सज्जनच असतात. गन यांनी ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन' या बारा अंकांच्या कॉमिकचे ऋण जाहीरपणे मान्य केले आहे. त्यातले कथानक सिनेमात नाही. पण त्या कॉमिकच्या दहाव्या अंकात एक पान आहे: उंच इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी जीव द्यायला उभी आहे, सुपरमॅन तिच्या मागे येऊन उतरतो, चार शब्द बोलतो आणि तिला जवळ घेतो. मृत्यू जवळ आलेला, हजार कामे डोक्यावर असलेला हा माणूस त्या एका पानापुरता सगळे बाजूला ठेवतो. सिनेमात एक राक्षसी प्राणी शहर तुडवत असताना सुपरमॅन वाटेतली एक खार उचलून सुरक्षित जागी ठेवतो. खारीचे दृश्य अनेकांना पोरकट वाटले, आणि त्या गदारोळात ते क्षणात निसटून जाते, हेही खरे. मला मात्र तिथे तेच पान दिसले.

राहिला तुमचा गृहपाठाचा प्रश्न. 'वॉचमेन' आधी वाचा आणि मग पाहा. उलट क्रमाने गेलात तर चौथा अंक वाचताना कानात फिलिप ग्लास वाजत राहील आणि पानावर आपल्या गतीने थांबणे जड जाईल. 'स्पायडर-व्हर्स'साठी काहीही वाचायची गरज नाही. पीकर यांची कॉमिक नंतर वाचलीत तरी चालेल. आणि सुपरमॅनचा सिनेमा पाहून आला असाल, तर 'ऑल-स्टार'चे बारा अंक आता घ्या, दहावा मात्र क्रमानेच येऊ द्या.