हातावरच्या सुईच्या खुणा

2018 मध्ये गोव्यातल्या खनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमचा डिचोलीचा खनिज वाहणारा ट्रक दारातच उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही, आणि तेव्हा माझा भाऊ कुणाच्या तरी ओळखीने मुंबईला औषधाच्या ट्रायलला गेला. बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात त्याला, म्हणजे जेनेरिक गोळी मूळ गोळीसारखीच रक्तात उतरते का ते निरोगी माणसांवर बघतात.

आदल्या रात्रीपासून आत. फोन जमा, रात्रभर उपाशी, सकाळी गोळी, मग हातात कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी, आणि ठरलेल्या वेळेला रक्त, सुरुवातीला तर दर अर्ध्या तासाला. हॉलमध्ये ओळीने खाटा, जेवण सगळ्यांना सारखंच, अर्धं ठेवलं तरी लिहून घ्यायचे. घरी आला तेव्हा कोपराच्या आतली कातडी हिरवी-निळी झालेली, आई काहीच बोलली नाही, नुसती तेल लावत बसली.

पैसे मिळाले, पण एजंटाने त्यातला वाटा घेतला, ते मला अजून सलतं. रक्त भावाचं आणि कमिशन त्याचं?

कुणी जाणार असाल तर कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीचा कागद, मराठीत मागा, त्याची एक प्रत घरी आणा. मधेच सोडायचा हक्क असतो, कारणही द्यावं लागत नाही. नियमांप्रमाणे ट्रायलमुळे काही झालं तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाईही. हे भावाला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. आणि पैशासाठी पाठोपाठ दोन ट्रायल करू नका, मधला गॅप तुमच्याच शरीरासाठी असतो रे.